चिंचेवरचा टिपका

"अप्पा, मोबाईलकडं बघून बोला. बर्लिनवाले ऐकतायत," वर्षाराणी म्हणाली.

शिवलिंगप्पांनी टोपी नीट केली. केजच्या बाजारात त्यांनी सारी हयात गूळ-शेंगदाण्याचं दुकान चालवलं होतं. भाव सोडून कुणी त्यांना दुसरं काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

वर्षाराणी, त्यांची नात, पुण्यात कलाकार होती. म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणी विचारत नसे, कारण पुढचा प्रश्न लग्नाचा येई आणि ती उठून जाई. आता तिनं बेत आखला होता. रझाकाराच्या साली धर्मापुरीची काही कुटुंबं बैलगाड्या जुंपून बार्शीकडं निघाली, ती वाट इंटरनेटवर पुन्हा काढायची. देशोदेशीच्या लोकांनी वाटेचे तुकडे वाटून घ्यायचे. जमेल त्यानं येऊन चालायचं, न जमेल त्यानं घरबसल्या चित्र काढायचं, आवाज जोडायचा. सगळ्यांचा मिळून एक नकाशा. त्या गाड्यांमधलं बोलायला उरलेलं माणूस एकच : अप्पा. तेव्हा ते आईच्या पदराला धरून बसणारं पोर होते.

"वाटेत काय खाल्लं, विचारतायत."

"वाटंचा फुफाटा," अप्पा म्हणाले.

बर्लिनहून त्याची कृती विचारली गेली.

"आणि थांबलात कुठं?"

अप्पा म्हणाले, "माळावर. चिंच हाय तिथं, तिच्या बऱ्याच अलीकडं. तिथं आमचं सोनं ठिवलं आन् फुडं गेलो."

वर्षाराणीला ते वाक्य इतकं आवडलं, की अर्थ विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी अप्पांचा आवाज इंटरनेटवर चढला आणि नकाशावर लाल टिपका पडला. थेट चिंचेवर, कारण उपग्रहाच्या फोटोत माळावर तेच झाड उठून दिसत होतं.

त्यानंतर जिल्ह्यात इतिहासाची आवड अचानक वाढली.

माजलगावपासून लोकांची नावं येऊ लागली. बार्शीकडचा सपाट रस्ता कुणालाच नको होता, सगळ्यांना चिंचेचाच तुकडा हवा होता. काहींना तर अमावास्येलाच चालायचं होतं. वर्षाराणीला त्यात लोकसहभाग दिसला. दुकानासमोर बिनानंबरची एक जीप उभी राहू लागली. तिच्यातला अमरसिंह नावाचा तरुण रोज पावशेर शेंगदाणे न्यायचा आणि जाताना प्रेमानं सांगायचा, "जपून ऱ्हावा अप्पा. दिवस लई वाईट हायत."

एका दुपारी त्यानं विचारलं, "तुमच्या त्या चालण्यात आमचा एक पायाळू घेताव का?"

अप्पांचा तागडीवरचा हात थांबला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. चित्रकलेत त्याचं काय काम?

अप्पांनी वर्षाराणीला आत बोलावलं. "त्यो टिपका पूस. आत्ता."

"कावून?" पुण्याची नात घाबरली की केजची होई.

"आगं, सोनं म्हंजी माजी बहीण. तापानं गेली. बारसं झालं न्हवतं, मग नाव कुटलं? आई सोनंच म्हणायची. गाडी थांबवून मातीआड केलं."

टिपका लगेच पुसला गेला. पण अप्पांचा आवाज तोवर तालुकाभर मोबाईलवर फिरत होता. मागं कुणीतरी सनईही घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजीचा फोन आला. तो त्या माळावर मेंढ्या चारायचा. अप्पांच्या बहिणीला माती देताना कुदळ चालवली होती ती त्याच्या आज्यानं, त्यामुळे जागा त्याच्या घरात ठाऊक होती.

"अप्पा, चिंचंखाली लिंबं पडल्यात. हळद-कुंकू बी हाय. खड्डा बी हाय. बिगीनं या."

आजोबा आणि नात पोचले, तेव्हा जीप आधीच उभी होती. चिंचेची मुळं तोडून कमरेइतका खड्डा खणलेला. अमरसिंह काठावर शेंगदाणे खात बसला होता.

अप्पांचा जीव एकदम हलका झाला. खड्डा चुकला होता. जागा पार तिकडं, बोरीच्या जाळीशी होती, तशीच्या तशी. त्यांची मान तिकडं वळणार, तेवढ्यात धुळाजी खेकसला, "हिकडं बगा की अप्पा! खड्डा हिकडं हाय!"

तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं. अमरसिंह खड्ड्याकडं बघतच नव्हता. तो अप्पांचे डोळे कुठं जातात ते बघत होता.

"काय घावलं न्हाई," अमरसिंह हसून म्हणाला. "सोनं दुसरीकडं हाय का?"

"सोनं न्हवतंच, बे. बहीण व्हती माजी."

"आसंल की. मग बहीण कुटंय?"

वर्षाराणीला रडू फुटलं. "अप्पा, इथंच ना?"

"हितंच," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "हितंच व्हती. काय ठिवलं न्हाई मेल्यांनी."

ते काठाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागले. लोटता लोटता रडले. रडणं खोटं नव्हतं, फक्त तोंड दुसरीकडं होतं. वर्षाराणीनं वाकून त्या रिकाम्या मातीला नमस्कार केला. अप्पांनी तिला काही सांगितलं नाही. धुळाजी मेंढ्यांवर उगाच ओरडत राहिला.

अमरसिंहानं अप्पांना हात देऊन उठवलं, आणि मग तो हात सोडलाच नाही. "उद्या पुन्हा येऊ, अप्पा. म्हातारपणी आठवायला येळ लागतोच."

अप्पा त्याच्यासोबत जीपकडं चालू लागले. वाट बोरीच्या जाळीला अगदी घासून जात होती. तिथं पोचल्यावर त्यांनी मान उलट्या बाजूला वळवली आणि नातीला विचारलं, "तुजं ते बर्लिन कुन्या दिशेला येतं गं?"