डिकीतला जुना बेल्ट

बॉनेट खाडकन आदळलं तेव्हा मिस्त्रीची बोटं जेमतेम बाहेर आली होती. जरा उशीर झाला असता तर चारही बोटांचा चेंदामेंदा झाला असता, आणि बॉनेट आदळणाऱ्या कंत्राटदाराला त्याचं काही वाटलं नसतं.

"पुन्हा सांग," कंत्राटदार म्हणाला. "किती?"

मिस्त्रीने पुन्हा सांगितलं. मोठी सर्व्हिसिंग, म्हणजे ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेकचं काम, त्याचे एवढे. शिवाय टायमिंग बेल्ट, त्याच्या पुल्या आणि मागचा पाण्याचा पंप, त्याचे जवळजवळ पुन्हा तेवढेच. बेल्ट स्वतः काही महाग नसतो. पण त्याच्यापर्यंत पोचायला निम्मं इंजिन खोलावं लागतं, पैसे त्या मेहनतीचे. हे सगळं तो शांतपणे बोलला, कारण हेच सांगण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. न तुटलेली वस्तू बदलायचे पैसे मागितले की गिऱ्हाइकाला आपण चोर वाटतो, हे त्याला ठाऊक होतं.

कंत्राटदारालाही तो चोरच वाटला. एवढ्या पैशांत माझी चार माणसं महिनाभर राबतात, असं तो ओरडला, आणि बेल्ट कुठे तुटलाय ते दाखव म्हणाला. तुटल्यावर दाखवता येईल, पण मग इंजिन राहणार नाही, असं मिस्त्री म्हणाला. त्यात त्याला विनोद करायचा नव्हता. पण काउंटरवर हिशेब सांभाळणारी त्याची थोरली बहीण फिसकन हसली, आणि कंत्राटदाराने हाताला लागलेला पाना उचलून काउंटरच्या काचेवर भिरकावला. काच ताईच्या मांडीवर सांडली. मग त्याने मिस्त्रीची कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं. फक्त ऑइल आणि फिल्टर बदलायचं, बेल्टला हात लावलास तर हात जागेवर राहणार नाही, असं त्याने बजावलं. संध्याकाळी गाडी घरी आण, असं सोबत आलेल्या बायकोला सांगून तो साइटवरच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला.

बायको दाराजवळच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. काच फुटली तेव्हा ती दचकली नव्हती. ताईने साडीवरच्या काचा झटकता झटकता ते पाहून ठेवलं होतं. या बाईची दचकायची सवय कुणीतरी मोडलेली होती.

ट्रकचा आवाज विरल्यावर ती उठून गाडीपाशी आली.

"दादा, हा बेल्ट दिवसभराचा प्रवास काढेल का? न थांबता?"

"वहिनी, मी तर या बेल्टवर गावाबाहेरसुद्धा गेलो नसतो."

हा बेल्ट तुटण्याआधी कुरकुरत नाही, वास सोडत नाही, असं त्याने समजावलं. तुटतो तो भर वेगात, आणि आतल्या आत इंजिन स्वतःचाच चुराडा करून घेतं. गाडी असेल तिथे थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नवा घाला," ती म्हणाली. "त्यांना कळता कामा नये. शुक्रवारी मुलीची परीक्षा संपते."

तिने पर्सच्या अस्तरातून नोटा काढल्या. त्या कमी भरल्या तेव्हा ताईने मजुरी परस्पर सोडून दिली. भावाला विचारायची तिला तशीही सवय नव्हती. कुठे जायचं ते मात्र आम्हाला सांगू नका, असं ताईने तिला बजावलं. आम्हाला माहीतच नसलं तर आमच्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही.

मिस्त्रीने दुपारभर जीव ओतून काम केलं. पुल्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून त्याने जुना बेल्ट उतरवला. नवा चढवून त्याने इंजिन हाताने फिरवलं, खुणा पुन्हा जुळतात का पाहिलं, आणि मगच कव्हर लावलं. मग त्याने जुना बेल्ट फडक्याने पुसला, गुंडाळला, तारेने बांधला आणि डिकीत जुन्या फिल्टरांशेजारी ठेवून दिला. गॅरेजच्या भिंतीवर वडिलांच्या काळापासून पाटी होती, 'बदललेला प्रत्येक जुना भाग आपल्या डिकीत ठेवला आहे, पाहून घ्यावा.' गॅरेजची अब्रू त्या पाटीवर उभी होती. घराबाहेर पडताना कडी लावावी तसं त्याच्या हाताने ते काम केलं. डोक्याला पत्ताही लागला नाही.

गुरुवारी सकाळी गाडी करकचून ब्रेक मारत दारात थांबली. कंत्राटदार उतरला, आणि मिस्त्री गाडीखालून पुरता बाहेर येण्याआधीच पहिला फटका त्याच्या गालावर बसला. कंत्राटदाराने मुठीला तोच बेल्ट गुंडाळला होता.

गाडीत त्याची बायको बसली होती. तिचा हात खिडकीच्या काठावर होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठले होते. प्रत्येक वळावर सारख्या अंतरावर बारीक आडव्या रेघा होत्या. ते अंतर मिस्त्रीने लगेच ओळखलं. बेल्टच्या आतल्या दातांवरून त्याची बोटं हजारदा फिरली होती. हे हत्यार आपणच पुसून, बांधून, पोचतं केलं, हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की दुसरा फटका लागल्याचं त्याला नीट समजलंही नाही.

"पैसे कोणी दिले? हिने? कुठे निघालीय ही?"

ताई चाकाचा पाना घेऊन काउंटरमागून निघाली होती. मिस्त्रीने हात वर करून तिला थांबवलं. शेजारचे दुकानदार दारात जमले होते. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"वहिनींना काही माहीत नाही. तुम्हाला घाबरवून पैसे काढायचे म्हणून मी कव्हर खोललं. स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि तुमच्या चांगल्या बेल्टला चीर गेली. अंगाशी येईल म्हणून गुपचूप दुसरा घातला."

"मग हा डिकीत कशाला ठेवलास?"

"सवयीने."

एवढा एकच शब्द खरा होता.

कंत्राटदाराने जमलेल्यांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा खुलला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद माणसाला आंधळा करतो, त्याला तर आधीपासूनच कमी दिसत होतं. तरी मी म्हणतच होतो, असं तो जमलेल्यांना म्हणाला. त्याने मिस्त्रीला पोटात लाथ घातली, खाली पडल्यावर आणखी दोन घातल्या, भिंतीवरची पाटी उपटून त्याच्या अंगावर फेकली आणि तिच्यावर बेल्ट टाकला. गाडी गेली तेव्हा बायको समोर बघत होती. शेजारचे एकेक करून आपापल्या दुकानांत परतले. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

ताईने त्याच्या गालावर बर्फ धरला.

"जन्मात एकदा खोटं बोललास," ती म्हणाली, "तेही स्वतःचंच नाक कापून."

"खरं वाटलं असेल ना त्याला?"

"गावाला वाटलं. त्याला कसं नाही वाटणार?"

शुक्रवारी दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या अर्धवट कामातच घेऊन गेली. नीट बोलावं एवढंही त्यांना वाटलं नाही. मिस्त्रीला त्याचं फार लागलं. पाटी पुन्हा लावू का, असं ताईने विचारलं, आणि त्याने मान हलवून नको म्हटलं.

शनिवारी दुपारी कंत्राटदार साइटवरच्या ट्रकमधून आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्याने येताच मिस्त्रीची कॉलर धरली, पण भिंतीला लावायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"गाडी इथे आलीय?"

"नाही."

गॅरेजचा कोपरा न् कोपरा त्याने नजरेने धुंडाळला. मुलगीही घरात नाही, असं तो कुणाला म्हणून नाही, नुसताच पुटपुटला. मग त्याची मूठ सैल झाली आणि आवाज खाली आला.

"वाटेत कुठेतरी बंद पडेल ना ती?"

मिस्त्रीच्या गालावरचा वळ आता काळानिळा पडला होता, पण दातांच्या रेघा अजून मोजता येत होत्या. गाडीबद्दल कुणी विचारलं की तो आधी नीट आठवायचा आणि मगच बोलायचा. त्याने पांढऱ्या खुणा आठवल्या, आवळलेला एकेक बोल्ट आठवला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "बेल्ट नवा आहे."