बिनलोखंडी माणूस

चुंबकीय वेधशाळेतल्या निरीक्षकाला त्याच्या माघारी सगळे 'बिनलोखंडे' म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. उलट नाव ठेवणाऱ्याचं त्याला कौतुकच वाटे. आडनाव म्हणून खपून जाईल असं टोपणनाव मिळायलाही नशीब लागतं.

नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. त्याच्या विजारीला चेन नव्हती, नाडी होती. शर्टाला लाकडी बटणं, पायांत खिळा नसलेल्या चपला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कारण बिजागरीचा स्क्रू लोखंडी निघाला होता. वेधशाळेच्या आवारात मागच्या बाजूला, झाडांच्या आड, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली एक लाकडी खोली होती. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची यंत्रं त्या खोलीत. टाचणीभर लोखंड आत गेलं तरी माप बिघडायचं, म्हणून कुंपणाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती. पाटी त्यानेच लिहिली होती, आणि गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवलेल्या एका मोठ्या साहेबांना त्याने त्या पाटीकडे बोट दाखवून परतही पाठवलं होतं. त्या पराक्रमानंतर त्याची बढती थांबली ती थांबलीच.

आणि असल्या माणसाला बायको मिळाली ती शिवणकाम करणारी! घरात जिकडे हात घालावा तिकडे सुया, टाचण्या, कात्र्या. एकदा तिने त्याची उसवलेली विजार शिवली आणि सुई तिथेच राहून गेली. पृथ्वीच्या पोटात काहीतरी भयंकर घडतंय, या समजुतीत त्याने अख्खी सकाळ काढली. वरिष्ठांना कळवायला म्हणून तो लगबगीने खुर्चीवर बसला, आणि पृथ्वीचं दुखणं नेमकं कुठे आहे ते त्याला तत्काळ कळलं. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी.

"पण तुम्ही नेमकं करता काय?" असं कोणी विचारलं की त्याची कळी खुलायची.

"सूर्य दिसतो तेवढा सज्जन नाही," तो सुरू करायचा. "ऊन देतो ते ठीक. पण त्याबरोबर जाळणारे किरणही सोडतो, आणि विजेने भारलेल्या कणांचा वारासुद्धा. ते किरण वरच्या वर हवा पिऊन टाकते. कणांच्या वाऱ्याला पृथ्वीचं चुंबकत्व लांबूनच वाट वळवायला लावतं. ही दोन पांघरुणं नसती तर तुम्ही-आम्ही इथे चहा पीत बसलो नसतो. कधी सूर्यावर मोठा स्फोट होतो आणि फटका जोरात बसतो. मग ते चुंबकत्व थरथरतं. ती थरथर मी मोजतो."

"बरं, थरथरलं की आपल्याला काय होतं?"

"काही होत नाही ना! तीच तर गंमत आहे!"

इथे ऐकणारा चहा संपवून उठायचा. काही झालं नाही, याची आयुष्यभर नोंद ठेवण्याबद्दल सरकार पगार देतं, हे कोणाला पटत नसे. त्यालाही महिन्याच्या सुरुवातीला थोडी शंका यायची, पण पगार तो घ्यायचा.

या सुखी माणसाला अलीकडे चक्कर येऊ लागली होती. एकदा न्हाणीघरात, एकदा जिन्यात. दुसऱ्या वेळी बायकोने त्याला हाताला धरून हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "ठोके मधूनच गळतायत असं दिसतंय. लगेच दाखल व्हा, तारा लावून नीट बघू. बहुतेक छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. ठोका चुकला की ते ढकलतं."

त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्यात लोखंड किती असतं?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे पाहिलं. "वरचं कवच टायटॅनियमचं असतं. आत थोडंफार असेलच. का?"

 असलं यंत्र छातीत बसलं की लाकडी खोली कायमची बंद. नियम त्याचाच होता, पाटी त्याचीच होती, आणि सवलत द्यायला त्याच्याइतका खडूस माणूस वेधशाळेत दुसरा नव्हता.

तो दाखल झाला नाही. "पुढच्या आठवड्यात," म्हणाला. कारणही तसंच सापडलं होतं. सूर्यावर जंगी स्फोट झाला होता आणि त्यातून निघालेला कणांचा ढग पृथ्वीकडे यायला निघाला होता. एक-दोन दिवसांत येऊन धडकणार, आणि असं वादळ त्याच्या नोकरीत अजून आलंच नव्हतं.

"असलं वादळ वीस-वीस वर्षांत एखादं येतं गं," तो घरी म्हणाला.

"आणि नवरा?" बायकोने कात्री खाली ठेवली. "नवरा किती वर्षांनी येतो?"

"अगं, पण माप कोणीतरी घ्यायला हवं ना."

"त्या पृथ्वीला तिचं तिचं सांभाळता येतं. इतकी वर्षं तुम्हीच सांगताय की मला! तुम्ही तिचे कोण लागून गेलात?"

 त्याने चष्मा पुसला. पुसताना दोरा सुटला आणि काडी हातात आली, तेव्हा बायको सुई-दोरा घेऊन बसली आणि काडी पुन्हा बांधून दिली. सुई तिने डब्यात परत ठेवलेली त्याने नीट पाहून घेतली.

वादळाच्या दिवशी दुपारी तो लाकडी खोलीत गेला. ढग धडकण्याआधी एकदा हाताने माप घेऊन ठेवायचं होतं, म्हणजे पुढची सगळी नोंद त्याच्याशी ताडून बघता येते. तो आत यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून आकडे मोठ्याने सांगायचा आणि बाहेर पायरीवर बसून सहायक बाई लिहून घ्यायच्या. शेजारच्या कोनाड्यातलं दुसरं यंत्र आपोआप नोंद करत होतं. कुंपणापाशी त्याची बायको येऊन उभी होती. "मी काही बोलणार नाही, नुसती उभी राहणार," असं तिने जाहीर केलं होतं, आणि नुसतं उभं राहून माणूस किती बोलू शकतो हे ती दाखवत होती.

"अंश बेचाळीस," तो आतून म्हणाला. "मिनिटं..."

मिनिटं काही आली नाहीत. पुढचं त्याला नंतर ऐकावं लागलं, तेही तिखटमीठ लावून.

आत धप्प आवाज झाला. सहायक बाई ताडकन उठल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे हात आपोआप कामाला लागले. आधी घड्याळ काढलं. मग पट्टा. मग केसांतल्या पिना, एकेक करून, मोजून पायरीवर. साहेब आत जमिनीवर पडलेत हे त्यांना कळत होतं, पण पिना घालूनही आत जाता येतं हे मात्र सुचत नव्हतं. त्याने घडवलेली शिष्या होती ती. गुरूचा जीव गेला असता तरी शिस्त गेली नसती.

बायकोने कुंपणाचं दार ढकललं. गळ्यात कात्री, मनगटावर टाचण्यांची गादी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पाटी वाचायला सवड नाही, अशी ती सरळ आत शिरली. थोड्या वेळाने बाईंनी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिकेची माणसं आली, लोखंडी स्ट्रेचर घेऊन आणि प्राणवायूचं जाडजूड सिलिंडर घेऊन. इतकं लोखंड त्या खोलीने जन्मात पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात त्याला जाग आली तेव्हा नाकावर मुखवटा होता आणि खाटेशेजारी एक सिलिंडर उभं होतं. त्याने सिलिंडरकडे पाहिलं.

"हे... खोलीत आणलं होतं?"

"नाही," बायको म्हणाली. "फाटकाशी ठेवलं होतं आणि तुम्हाला हाक मारली, या बाहेर, प्राणवायू घ्यायला!"

रात्रभर छातीला तारा लावलेल्या होत्या. सकाळी डॉक्टरीणबाई कागदाची लांब पट्टी घेऊन आल्या आणि ती त्याच्यासमोर पांघरुणावर पसरली. तो सावरून बसला. आलेख म्हटल्यावर त्याचं दुखणं अर्धं पळालं. आयुष्य गेलं होतं वेड्यावाकड्या रेघा वाचण्यात. या पट्टीवरची रेघ टोकदार होती, खाली-वर नुसता गोंधळ चाललेला. बोट फिरवत फिरवत तो पुढे सरकला आणि एका जागी थांबला. तिथे सगळी टोकं मावळली होती. चांगली लांबलचक, सरळ, स्वच्छ रेघ. त्याच्या धंद्यात अशी रेघ म्हणजे सूर्य गप्प, यंत्र ठीक, निरीक्षक शहाणा.

"वा!" तो म्हणाला. "काय शांत आहे!"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.

"तिथे तुमचं हृदय थांबलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल खोलीत पडलात तेव्हा याहून जास्त वेळ थांबलं असणार."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ हलत होती. इतकी वर्षं ही बाई त्याच्या खिशांतून टाचण्या वेचत आली, त्याला नाडीच्या विजारी शिवत आली, आणि त्याने तिच्या नवऱ्याचं हृदय थांबलेलं बघून 'वा' म्हटलं होतं. त्याला भीती वाटली, अगदी खरी भीती, आणि तिच्याहून मोठी लाज वाटली. आपण मूर्ख आहोत हे त्याला आधीपासून माहीत होतं, पण ते नेहमी विनोदापुरतं.

"बसवा," तो म्हणाला. "आजच बसवा. हवं तेवढं लोखंड असू दे."

यंत्र बसलं. टाके सुकल्यावर तो कामावर गेला आणि सवयीने मागच्या कुंपणाकडे वळला. सहायक बाई धावत आडव्या आल्या. तोंडाने म्हणेनात, पण पाटीकडे बोट दाखवायला त्या विसरल्या नाहीत. त्याने मान डोलावली आणि तो मागे फिरला. वाईट वाटलं, खूप वाटलं. कोणी बघत नसतं तर तो रडलाही असता, पण बाई बघत होत्या, म्हणून त्याने चपलेत खडा गेल्याचं सोंग केलं.

मुख्य इमारतीत त्या दुपारची नोंद पडद्यावर उघडून ठेवली होती. वादळ झकास उतरलं होतं. सूर्याने हाणलेला फटका, पृथ्वीच्या चुंबकत्वाने तो अंगावर घेतलेला, रेघ थडथडत खाली गेलेली आणि मग दीड दिवस सावकाश सावरत वर आलेली. त्या दीड दिवसात खाली लोकांनी बाजारहाट केला, भांडणं केली, कपडे वाळत घातले. कोणालाही काही झालं नव्हतं. फक्त अगदी सुरुवातीला नोंदीत एक भलताच उंचवटा आला होता.

"हे सिलिंडर," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट किंचित मागे सरकलं. तिथे रेघेला एक बारीकशी पायरी होती, एरवी नजरेतून सुटली असती अशी. "आणि या वहिनी."

तो खुर्ची ओढून बसला. पायरीच्या आगेमागे बोट फिरवून त्याने वेळा पाहिल्या. सूर्याचा फटका तिच्या जरासाच आधी, तो माप घेत असतानाच, येऊन गेला होता, सिलिंडर तिच्या नंतर आलं होतं. मधे ही.

"राहू द्यायचं का, साहेब?" बाईंनी हळूच विचारलं. नियम मोडण्याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"छे, छे. पृथ्वीची नोंद आहे ती, आमच्या संसाराची नाही," तो म्हणाला, आणि माणसांमुळे बिघडलेला तेवढा भाग त्याने स्वतःच्या हाताने कापून टाकला. मग नोंद नेहमीप्रमाणे जगभर रवाना झाली.

त्या वादळाचा अभ्यास करणाऱ्यांना तिथे आता काही मिनिटं कोरी दिसतात. एका परदेशी शास्त्रज्ञाने पत्र पाठवून विचारलंही, की एवढ्या मोलाच्या वेळी तुमच्याकडे नेमकं काय झालं होतं? निरीक्षकाने उत्तर लिहिलं, 'काही झालं नाही.' मग पत्र पाठवण्याआधी त्याने ते बायकोला वाचून दाखवलं.