पाकीट उघडायच्या आधी

“दुसरी चमक बघ, किती बारीक आहे,” शास्त्रज्ञ बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या.

मी पंपवाली. जमिनीखाली दीड किलोमीटरवर, जुन्या खाणीत, द्रवरूप झेनॉनची टाकी आहे. तो सतत गाळून शुद्ध ठेवायचा, हे माझं काम. शास्त्र मी शिकले नाही, पण अकरा वर्षं कान किटेपर्यंत ऐकलंय. झेनॉनमध्ये कण धडकला की एक चमक उठते. सुटलेले इलेक्ट्रॉन वर ओढले जातात, तिथे दुसरी. साध्या किरणोत्साराची दुसरी चमक भलीमोठी असते. अणूच्या गाभ्यालाच धक्का बसला, तर लहान. अशी एकटी धडक टाकीच्या मधोमध मिळाली तर ते कदाचित कृष्णद्रव्य, विश्वात भरलेलं पण कुणाला न दिसलेलं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

ही तशीच होती.

आमच्यात एक रीत आहे. दूरच्या ऑफिसातला एकजण नोंदींमध्ये अधूनमधून बनावट धडका पेरतो, कोणी हुरळून जाऊ नये म्हणून. त्यांची यादी बंद पाकिटात असते. पाकीट उघडेपर्यंत तोंडाला कुलूप.

माझं कुलूप पाच मिनिटं टिकलं. मी बाबांना फोन लावला. याच खाणीत त्यांनी तीस वर्षं खणलं, छातीत धूळ भरून घेतली, आणि खाण रिकामी झाली म्हणून एक दिवस सगळ्यांना घरी बसवलं. रोज विचारतात, सापडलं का गं?

“सापडलं, बाबा.”

ते म्हणाले, “आमच्या खाणीत?”

“तुमच्याच.”

दुपारी पाकीट उघडलं. यादीत पहिलीच आमची. बनावट.

“चला, परीक्षेत पास झालो,” बाई हसल्या. “खरी आली तर सुटायची नाही.”

त्यांचं बरोबर होतं. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि मी आधीच तिच्या पोटात होते.

घरी पोचले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले. समोर खाणीतले दोन जुने सोबती. मी दारातच सांगून टाकलं, “बाबा, ती खोटी निघाली. आमची परीक्षा घ्यायला मुद्दाम टाकलेली. मीच घाई केली.”

सोबती खाली बघू लागले. बाबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं,

“पण तुम्हाला ती दिसली ना?”

“दिसली.”

“मग झालं तर.” ते सोबत्यांकडे वळले. “अजून खणतायत रे.”

त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं आणि मला विचारलं, “उद्या ड्यूटी कितीची?”