निरगुडीला दिलेले आवतण

मित्रांनो, मी काळेवाडीच्या नदीकाठची एक जुनी निरगुड आहे. मला झाड म्हणा, झुडूप म्हणा, काही बिघडत नाही. देव तेवढा म्हणू नका. त्या एका शब्दाने काय केले ते सांगते.

कुंपणाला म्हणून कोणीतरी माझी ओली फांदी चिखलात खोचली आणि मी जगले. तेव्हा इथे मळे होते. मळे गेले, पत्र्याच्या खोल्या आल्या, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बस आल्या. माझे काम मात्र वाढतच गेले. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात मी, सर्दीने बेजार झालेल्याच्या उशीत मी, डास हाकलायच्या धुरीतही मीच. दिवसभर मशीनपुढे उभी राहणारी पोरे घरी आली, की त्यांच्या गुडघ्यांवर शेकलेला पाला माझाच.

पाला न्यायची रीत समोरच्या खोलीतल्या दुर्गाबाईंनी जपली होती. दिवेलागणीनंतर मला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी उन्हे उतरताना बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवून आवतण द्यायचे आणि ज्याचे दुखते त्याचे नाव सांगायचे. "उद्या येते गं बाई," म्हणून त्या जायच्या.

गेल्या श्रावणात त्यांनी स्वतःच्या मुलाचे नाव सांगितले. धनेशची डावी पोटरी सुजली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पाला खुडत असताना सून विजयश्री पाठोपाठ आली. "आत्या, एकच पाय सुजलाय. हाताला गरम लागतोय. दवाखान्यात दाखवू ना."

"तुझ्या सासऱ्याचा गुडघा हिनंच बरा केला. देव हाय ही."

धनेश ओट्यावरून हसला. "दाखवतो गं रविवारी. आज सुट्टी घेतली तर ठेकेदार माझ्या जागी दुसरा उभा करील. तोवर आईची निरगुड आहेच, फुकटातली डॉक्टरीण."

"दात काय काढतो मेल्या, पाय इकडं कर."

मला तोंड असते तर मी विजयश्रीच्या बाजूने भांडले असते. दुर्गाबाईंनी पाला शेकून बांधला, तेल लावून पोटरी चोळली. ठणका थोडा कमी झाला आणि तिथेच घात झाला. बरे वाटते म्हणून धनेश शिफ्टला गेला. शनिवारी बसमधून उतरताना त्याचा श्वास कोंडला. रविवार त्याला दिसलाच नाही.

तेराव्यानंतर दुर्गाबाई माझ्यापाशी येऊन बसल्या.

"पायाच्या शिरेत रक्त गोठलं व्हतं म्हनं. ती गाठ फुफ्फुसात गेली. डाक्टरनं इचारलं, पाय चोळला व्हता का." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "म्या चोळला, बाई."

मग त्यांनी तांदूळ ठेवले. नाव कोणाचेच सांगितले नाही. "उद्या येते," एवढेच म्हणाल्या.

सकाळी त्या कोयता घेऊन आल्या आणि मला बुंध्यापासून तोडले. तोडायलासुद्धा त्यांनी आवतण दिले, मित्रांनो. माझी तक्रार नाही. ठेकेदारावर मात्र कोणी साधा आवाजही चढवला नाही. धनेश म्हणाला होता तसा त्याने त्याच्या जागी दुसरा उभा केला.

निरगुड तोडली तरी फुटते. मीही वीतभर फुटले. परवा शेजारचा नवनाथ लंगडत आला. "काकू, चार पानं घेऊ का? पाय सुजलाय."

"एक का दोन्ही?"

"एकच. पण लवकर द्या, शिफ्ट हाय."

दुर्गाबाईंनी पायात चपला सरकवल्या. "शिफ्ट गेली खड्ड्यात. चल."

"कुठं?"

"दवाखान्यात. म्या येते संगं."

मित्रांनो, माझा पाला न्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त दुर्गाबाईंनी विचारले ते आधी विचारा. आणि सुट्टी मागणाऱ्याला जो सुट्टी देत नाही, त्याच्या दारात जाब विचारायला जा, तांदूळ न ठेवता.

ती दोघे फाट्याकडे जाताना मी पाहत होते. दुर्गाबाईंनी नवनाथचा दंड घट्ट धरला होता. त्याच्या पायाला त्यांनी हात लावला नाही.