हजारातली एक

ऑफिसात तिला चाळणी म्हणत, कारण तिच्या मंजुरीशिवाय कोडची एक ओळ पुढे जात नसे आणि तिच्या नजरेतून खडा सुटत नसे. या वेळी मात्र धोंडा सुटला होता.

प्रोसेसरमध्ये चार छोटे कप्पे असतात. कप्प्यात मेमरीतल्या जागेचा पत्ता लिहिला, की त्या जागेला कोणी हात लावताच प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. चूक शोधणाऱ्याला चोर रंगेहाथ सापडतो. पण तिच्या कंपनीसारखी एका सर्व्हरवर ग्राहकांसाठी चाळीस आभासी, निव्वळ सॉफ्टवेअरने उभी केलेली मशिनं नांदवायची म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी हे कप्पे उपसा, पुन्हा भरा. सेकंदाला हजारो वेळा, तेही बहुतेकदा रिकामेच. तिच्या साहेबांनी ही हमाली साफ बंद केली. मशिनने कप्प्यात काही लिहिलं तर मान डोलवायची आणि लिहिलेलं फेकून द्यायचं. वेगाचे आकडे इतके देखणे आले की चाळणीने डोळे झाकून मंजुरी दिली.

मग नणंदेचा फोन आला. तीही याच धंद्यातली, दुसऱ्या कंपनीत.

"वहिनी, तीन दिवस कप्प्यांत पत्ता लिहून पहारा लावतेय, आणि चोर माझ्यासमोरून निघून जातोय. साहेब म्हणतात, जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो. मला खरंच येत नाही का गं हे?"

"मशिन कुठलं वापरतेस?"

"तुमच्याकडचंच. चाचणीला दिलेलं नवं."

चाळणीला आपण दिलेली मंजुरी आठवली. मग स्वतःचाच भयंकर राग आला.

दोन दिवस मान वर न करता तिने नवी पद्धत लिहिली. मशिन कप्प्याला हात लावत नाही तोवर कप्प्यांकडे बघायचंच नाही. ज्याने लावला, त्याच्यापुरतीच उपसाभर करायची, आणि त्याचं काम संपलं की पुन्हा सोडून द्यायचं. वेग जवळजवळ तेवढाच राहिला.

"पुढच्या खेपेला घेऊ," साहेब बैठकीत म्हणाले. "आज सगळ्या ग्राहकांकडे मंजूर झालेलंच जाऊ दे. कप्पे वापरतं कोण? हजारात एक."

"त्या एकीच्या हातचं काम जायची वेळ आलीय."

"मंजुरी तूच दिलीस. बोभाटा झाला तर नाव तुझंच जाईल."

"जाऊ दे."

तिने सगळ्यांदेखत मंजुरी मागे घेतली. मग तिथेच, साहेबांसमोर, चाचणीच्या सर्व ग्राहकांना पत्र लिहिलं, नणंदेच्या साहेबांनाही: 'तुमच्या माणसांनी पहारा बरोबर लावला होता. तो आम्ही न सांगता उठवला. मंजुरी माझी होती.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"हे जाणार नाही," साहेब उठून उभे राहिले.

तिने बटण दाबलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"गेलं. आता बोला."