पेल्लोसाठी बादलीभर पाणी

पेल्लोला त्याच्या वडिलांनी खाणीत जाऊ दिलं नव्हतं. वडील, त्सोतांग, लेसोथोच्या राजधानीत, मासेरूला, अर्थखात्यात मोठे अधिकारी. त्यांचे स्वतःचे वडील नदीपलीकडे, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत खोकून खोकून गेले होते. "आता लेसोथोने माणसं नाही पाठवायची, जीन्स पाठवायच्या," असं ते जेवताना मक्याच्या घट्ट उकडीचा घास मोडत सांगायचे. अमेरिकेत आपल्या कपड्यांना जकात नव्हती, शिलाईचे कारखाने जोरात होते. पोराने वडिलांच्या शब्दावर कापडकटाईचं काम धरलं. बाप म्हणतोय म्हणजे देश चालणारच, इतका भोळा होता बिचारा.

मग अमेरिकेने जकात बसवली. त्सोतांग शिष्टमंडळाबरोबर जाऊन ती कमी करून आले, मंत्र्यांनी पाठ थोपटली. पण तोवर गिऱ्हाइकांनी दुसरा देश गाठला होता. कारखान्याला टाळं लागलं. सरकारी तिजोरीतही खडखडाट, त्यामुळे नोकरभरती बंद. त्या हुकमावर सही त्सोतांग यांचीच.

"तुमच्या खात्यात शिपाई म्हणून तरी चिकटवा की, बाबा," पेल्लो हसत म्हणाला.

"माझ्याच हुकमाला मीच भोक पाडू?"

"राहू द्या मग. तुम्ही देश सांभाळा, मी घर बघतो."

पोटुशी बायको, माकाराबो, मागे ठेवून तो नदी ओलांडून गेला. शेतावर काम मिळालंय म्हणाला.

इकडे माकाराबोला मुलगी झाली. तिथल्या रिवाजाप्रमाणे पहिलटकरणीला मुलगी झाली की बापाला ते तोंडाने सांगायचं नसतं. तो बेसावध असताना त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचं. मुलगा असला तर पाठीत काठी. ओलाचिंब बाप दारातच नाचायला लागतो, आणि सगळी आळी हसते.

पेल्लोचा फोन आला तेव्हा बाळ माकाराबोच्या कुशीत होतं. तिने फोनवर हात दाबून सासऱ्यांना विचारलं, "सांगू का हो त्यांना? राहवत नाहीये."

"वेडी की काय! पोर कधी फोनवर सांगतात? नाताळला येऊ दे, मी स्वतः ओततो. चांगलं गारढोण!"

"सांगू दे की तिला," सासू मापेल्लो पुटपुटली. त्यांनी ऐकलं नाही.

"अजून काही नाही," माकाराबो फोनवर म्हणाली. "तुम्ही लवकर या."

"मी लांबच्या शेतावर चाललोय, तिकडे फोन लागत नाही," पेल्लो म्हणाला. "बाळाला सांग, बाप आल्याशिवाय यायचं नाही."

शेत कसलं! तो बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत चोरून उतरत होता. ती त्याच्या अंगावर कोसळली, हे पोलिसांनी कळवलं तेव्हाच घरच्यांना समजलं.

शवपेटी अंगणात ठेवली. आळीतली माणसं ब्लँकेटं लपेटून उभी होती. मापेल्लोने भरलेली बादली आणून नवऱ्यासमोर ठेवली.

"ओता," ती म्हणाली. "तुम्हीच ओतणार होतात ना?"

त्सोतांग यांना बादली उचलवेना. खाणीपासून ज्याला वाचवायचं म्हणून त्यांनी जन्मभर आकडे मांडले, तो पोर खाणीतूनच परत आला होता, आणि त्याला आनंदाची एक गोष्ट कळायची होती तीही त्यांनीच अडवली होती. शेवटी सुनेने खालून हात लावला. पाणी लाकडावरून ओघळून मातीत गेलं. कुणी नाचलं नाही.

पाणी ओतल्यावर तोंडाने काही सांगायचं नसतं. तरी त्सोतांग पेटीवर वाकले आणि रडत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेल्लो, मुलगी झाली रे."