ट्रामला देणगी

एप्रिलमध्ये एका दुपारी मी शाळेतून घरी आले तेव्हा पत्रपेटीत एक पिवळट पाकीट पडलेलं होतं. जर्मनीहून आलेलं, माझ्या नवऱ्याच्या नावाने. विनय मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जनरल मॅनेजर आहे. फेब्रुवारीत तो एका मशीनची चाचणी बघायला आठ दिवस तिकडे गेला होता. त्यासंबंधीचंच काहीतरी असेल म्हणून मी पाकीट उघडलं, पत्रावर फोन धरला आणि भाषांतर वाचलं.

श्री. विनय खांबेटे हे अमुक तारखेला वैध तिकिटाशिवाय ट्राममध्ये आढळले. दंड साठ युरो. मुदतीत न भरल्याबद्दल आणखी दहा. खाली बँक खात्याचा नंबर.

तो घरी आल्यावर मी पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"तिकीट होतं माझ्याकडे," तो म्हणाला. "फक्त पंच करायचं राहिलं. तिथे एक छोटं मशीन असतं, त्यात घालायचं असतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं."

"मग तपासनिसाला सांगायचंस तसं."

"सांगितलं. मी जनरल मॅनेजर आहे हेही सांगितलं."

"मग?"

"त्याने स्पेलिंग विचारलं."

दंडाची चिठ्ठी त्याने पासपोर्टच्या कव्हरात ठेवली होती आणि दोन महिने विसरायचा प्रयत्न केला होता. आता मात्र नोव्हेंबरमध्ये पुन्हा जायचं होतं आणि व्हिसाच्या वेळी ही भानगड निघाली तर, या विचाराने तो जेवता जेवता थांबला. मग खांदे उडवून म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. महिन्याला दोन कोटी रुपये मी युरोत पाठवतो."

खरं तर तो सही करतो. पाठवतात अकाउंट्समधले दोघं जण.

रविवारी तो बँकेचं ॲप उघडून बसला. परदेशी पैसे पाठवायच्या पानावर ॲपने आधी नाव विचारलं, मग पत्ता, आणि मग विचारलं की पैसे घेणारे आपले कोण लागतात. पर्याय होते आई, वडील, पती अथवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. विनय बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिला.

"ट्राम कंपनी आपली कोण?" त्याने मला विचारलं.

"भाऊ टाक," मी म्हटलं. "रस्त्यावर भेटलेला."

त्याला हसू आलं नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून तो आमच्या फरीदाबादच्या शाखेत गेला. मला दुपारनंतर तास नव्हते, मीही गेले. परदेशी व्यवहारांच्या टेबलावर शिवांगी नावाची एक मुलगी होती, बोलायला अतिशय गोड. तिने पॅन कार्ड घेतलं, एक फॉर्म दिला, दुसरा फॉर्म दिला, आणि स्क्रीनवरची एक लांबलचक यादी वरखाली करायला लागली.

"सर, पर्पज क्या डालूँ?"

"फाइन. पेनल्टी."

"पेनल्टी का कोड तो मेरी लिस्ट में नहीं आ रहा."

"तो ट्रॅव्हल डाल दो."

"ट्रॅव्हल तो जाने से पहले का होता है सर. आप तो घूमके आ भी गए."

"गिफ्ट?"

"गिफ्ट इन्सान को होता है सर. ये तो कंपनी है." ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तिचा चेहरा उजळला. "डोनेशन में चला जाएगा. बस एक लेटर लगेगा कि आप क्यों दे रहे हैं."

विनय माझ्याकडे वळला. या माणसाच्या ऑफिसात पुरवठादाराच्या बिलावर शिक्का जरा तिरका पडला तर बिल परत जातं. ते तो घरी येऊन अभिमानाने सांगतो. "सिस्टीम म्हणजे सिस्टीम, वीणा." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ते पत्र त्याने जेवणाच्या टेबलावर बसून इंग्रजीत लिहिलं. तीन कागद फाडले. शेवटी जमलं ते असं होतं: आपल्या शहराच्या ट्रामसेवेचा शिस्तबद्ध कारभार मला जवळून अनुभवायला मिळाला. तो अनुभव माझ्या कायम स्मरणात राहील. त्या कृतज्ञतेपोटी मी सत्तर युरोंची अल्पशी देणगी देऊ इच्छितो.

"यात एकही वाक्य खोटं नाही," तो म्हणाला.

"कृतज्ञता?"

"ती फॉर्मपुरती."

दुसऱ्या दिवशी शिवांगीने पत्र वाचलं, "बहुत अच्छा लिखा है सर," म्हणाली आणि पैसे पाठवले. दंडाचा नंबर मात्र शेरा लिहायच्या जागेत मावला नाही. तिथे आधी 'डोनेशन' आलं, मग विनयचं पूर्ण नाव आलं आणि जागा संपली. बँकेने हजार रुपये आणि वर कर असं स्वतःचं घेतलं. वाटेत कुठल्यातरी मधल्या बँकेनेही हात धुऊन घेतले. तिकडे किती पोचले ते आम्हाला नंतर कळलं.

मेच्या शेवटी एकाच दिवशी दोन पत्रं आली. दोन्ही त्याच ट्राम कंपनीची.

पहिलं जाड हिरव्या कागदावर होतं, इंग्रजीत. कंपनीच्या जनसंपर्क विभागाने लिहिलं होतं की एखाद्या पाहुण्याने भारतात परतल्यावर आठवणीने पन्नास युरो पाठवावेत ही त्यांच्यासाठी अत्यंत हृद्य घटना आहे. सोबत प्रमाणपत्र होतं. 'सार्वजनिक वाहतुकीचे मित्र, श्री. विनय खांबेटे.'

दुसरं पिवळट होतं. वसुली विभागाने कळवलं होतं की सदर इसमाने अद्याप एक पैसाही भरलेला नाही. रक्कम आता पंच्याण्णव युरो. पंधरा दिवसांत भरणा न झाल्यास प्रकरण वसुली एजन्सीकडे जाईल.

विनयने पिवळं पत्र घडी घालून ठेवलं. प्रमाणपत्र मात्र त्याने दोनदा वाचलं. मग उजेडात धरलं.

"कागद चांगला आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमाणपत्राचा फोटो त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर गेला. चुकून गेला, असं तो म्हणतो. एचआरचा प्रमुख गौरव याला पर्यावरण सप्ताहासाठी त्या वेळी एक चेहरा हवा होता. त्याने विनयला फोन केला, मी शेजारीच होते. विनय "अरे नाही यार, एवढं काही नाही" असं तीनदा म्हणाला आणि चौथ्यांदा भाषण किती मिनिटांचं ते विचारलं.

पंधरा दिवस सरत होते. विनयला बँकेत पुन्हा जायची लाज वाटत होती, आणि ऑफिसात कोणाची मदत मागायची तर आता सोयच उरली नव्हती. तेव्हा मी क्षिप्राला मेसेज केला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता जर्मनीतच एका शहरात नोकरी करते. तिला पिवळ्या पत्राचा फोटो पाठवला आणि चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं, "मॅम, भरले. पावती पाठवतेय."

क्षिप्राची आई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. मी तिला साडेनऊ हजार रुपये नेऊन दिले. तिने विनातिकीट कोण गेलं होतं ते विचारलं. मी म्हटलं, लांबचे नातेवाईक.

विनयला मी काही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. दंड आपोआप विरघळून गेला असावा अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती.

पर्यावरण सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कारखान्यात कुटुंबीयांना बोलावलं होतं. आम्ही आमच्या गाडीने गेलो, पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघं. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. विनयने हिंदीत भाषण केलं. जर्मनीत आपण रोज ट्रामने जात होतो, सार्वजनिक वाहन ही सवय नसून संस्कार आहे, आणि तिकीट जपून ठेवणं हे चांगल्या नागरिकाचं पहिलं लक्षण आहे, असं त्याने सांगितलं. आवाज जराही अडखळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौरवने फ्रेम केलेलं प्रमाणपत्र त्यालाच पुन्हा प्रदान केलं.

मग गौरवने विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का. अशा वेळी कुणी काही विचारत नाही, पण पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधला राघव नावाचा एक कामगार उभा राहिला.

"सर, कंपनीची बस आधी गेटपर्यंत यायची. जानेवारीपासून हायवेवरच सोडते. तिथून शेअर ऑटोला वीस रुपये जायचे, वीस यायचे. गेटपर्यंत आली तर आम्हीही सार्वजनिक वाहनाचे मित्र होऊ."

तो हिंदीत, अगदी साध्या सुरात म्हणाला. कुणी हसलं नाही. विनय म्हणाला, सूचना उत्तम आहे, गौरव, लिहून घ्या. गौरव म्हणाला, सुपरवायझरमार्फत अर्ज द्या. राघव म्हणाला, "दिया है सर. मार्च में," आणि खाली बसला.

परतताना विनय खुशीत होता. प्रमाणपत्र मांडीवर होतं. हायवेवर ऑटोत कोंबून बसलेली माणसं दिसत होती.

"बस का बंद केली गेटपर्यंतची?" मी मराठीत विचारलं. ड्रायव्हर बुलंदशहरचा आहे.

"डिझेल वाचतं. माझीच आयडिया."

"तो दंड मी भरला," मी म्हटलं. "क्षिप्राकडून. पावती आहे माझ्या फोनमध्ये. वर तुझं नाव आहे आणि खाली, वैध तिकिटाशिवाय आढळले, असं लिहिलंय."

त्याने मांडीवरचं प्रमाणपत्र उलटं करून ठेवलं.

"गौरवचा नंबरही आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"वीणा, तू असं करणार नाहीस."

"बस गेटपर्यंत आली तर कशाला करेन?"

त्याने मला पावतीचे पैसे देऊ केले. मी घेतले, पूर्ण साडेनऊ हजार. बसबद्दल मात्र तो म्हणाला की प्रक्रिया असते, मंजुरी लागते, वेळ लागेल. मी म्हटलं, बिल्कुल, लागू दे, मी थांबते, फक्त फोन हातात घेऊन थांबते.

महिन्याच्या शेवटी बस गेटपर्यंत यायला लागली. नंतर एका लग्नात गौरव भेटला. कौतुकाने सांगत होता की खांबेटे सरांनी स्वतः पाठपुरावा केला, रोज विचारायचे, फाइल कुठे अडली म्हणून.

"हो," मी म्हटलं, "फार मनावर घेतात ते."